शिंपल्यांच्या वेढ्यातील विमाने

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत एक पुष्प गुंफण्याचा मान मंडळाने आम्हांस दिला, याबद्दल प्रारंभीच आपणां सर्वांचे मनःपूर्वक आभार मानतो. मंडळाच्या चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा ‘गोड्या पाण्यातील शिंपले आणि बुडालेली विमाने’ असे आम्ही सांगितले. त्यावर ते क्षणभर थांबले आणि मग नम्रपणे म्हणाले, “साहेब, यांतला एकच विषय घेतला तर नाही का चालणार?” त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. शिंपला आणि विमान यांची जोडी वरवर पाहता विजोड वाटते खरी. परंतु गेल्या साडेतीन दशकांत उत्तर अमेरिकेतील सरोवरांच्या तळाशी ही जोडी अशी काही घट्ट जमली आहे, की एकाची कथा दुसऱ्यावाचून सांगताच येऊ नये.

आम्ही प्राणिशास्त्रज्ञ नव्हे, पाणबुडे तर नव्हेच नव्हे. कलाशाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि आजवरचे आयुष्य फायलींच्या सहवासात घालविले. तेव्हा शास्त्रीय अधिकाराने आम्ही काही बोलणार नाही. वाचनाच्या नादाने जे हाती लागले आणि मनात घर करून राहिले, तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहोत.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊ. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा यांच्या सीमेवर सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ओंटारिओ अशी पाच महासरोवरे आहेत. सरोवर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रंकाळा किंवा फार तर नैनिताल उभे राहते. ही सरोवरे त्या जातीची नव्हेत. पाचांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २ लक्ष ४४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्र राज्याच्या जवळजवळ चार-पंचमांश भरते. पृथ्वीच्या पाठीवरील गोड्या पाण्याच्या साठ्यापैकी सुमारे एक-पंचमांश पाणी एकट्या या पाच सरोवरांत आहे. यांतील मिशिगन सरोवर हिमाचल प्रदेशाहून थोडे मोठे असून त्याची कमाल खोली ९२० फुटांहून अधिक आहे. या मिशिगनच्या काठावर शिकागो नगरी वसली आहे, आणि आपल्या कथेचा पहिला अंक तेथेच घडतो.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. पॅसिफिक महासागरातील युद्ध विमानवाहू जहाजांवर अवलंबून राहणार, हे उघड होते. भर समुद्रात हलत्या जहाजाच्या फळीवर विमान उतरविणे ही मोठी कठीण विद्या. ती नवशिक्या वैमानिकांना शिकवावयाची कोठे? लढाऊ जहाजे आघाडीवर गुंतलेली, आणि किनाऱ्यालगतच्या समुद्रात शत्रूच्या पाणबुड्यांचे भय. तेव्हा नौदलाने एक नामी युक्ती योजली. महासरोवरांत उतारूंची ने-आण करणाऱ्या ‘सीअँडबी’ आणि ‘ग्रेटर बफेलो’ नावाच्या दोन जुन्या आगबोटी त्यांनी घेतल्या. दोन्ही कोळशावर चालणाऱ्या आणि दोन्ही बाजूंस पाणचक्र्या असलेल्या. त्यांचे वरचे मजले उतरवून त्यांवर सपाट धावपट्टी ठोकली, आणि त्यांचे ‘वुल्व्हरीन’ व ‘सेबल’ असे नवे नामकरण केले. पहिली ऑगस्ट १९४२ मध्ये आणि दुसरी मे १९४३ मध्ये नौदलाच्या सेवेत दाखल झाली. शत्रूची पाणबुडी जेथे पोहोचूच शकत नाही, अशा गोड्या पाण्यात ही दोन पाणचक्रीची विमानवाहू जहाजे रोज सकाळी शिकागोच्या धक्क्यावरून निघत, आणि जवळच्या ग्लेनव्ह्यू तळावरून उडालेले विशी-बाविशीचे तरुण त्यांवर उतरण्याचा सराव करीत.

युद्ध संपेपर्यंत १७ हजारांहून अधिक वैमानिक येथे तयार झाले आणि लाखाहून अधिक वेळा विमाने त्या फळ्यांवर उतरली. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले जॉर्ज बुश हे त्यांपैकीच एक. एवढ्या मोठ्या व्यापात अपघात व्हावयाचेच. धावपट्टी आखूड, जहाजांचा वेग बेताचा, आणि वारा पडला की विमानाला हवा तेवढा समोरचा वारा मिळेना. कोणाचे यंत्र बंद पडले, कोणाचा अंदाज चुकला, कोणी फळीच्या कडेवरून घसरला. बहुतेक वैमानिक वाचले, काही थोडे दगावले. परंतु शंभराहून अधिक विमाने मिशिगनच्या तळाशी गेली. ‘डॉन्टलेस’, ‘वाइल्डकॅट’, ‘अ‍ॅव्हेंजर’ अशी त्या काळी गाजलेली नावे त्यांत आहेत. युद्धाच्या धामधुमीत बुडालेले विमान शोधीत बसण्यास कोणाला सवड? दप्तरात नोंद झाली आणि विषय संपला.

आता निसर्गाचा चमत्कार पाहा. समुद्रात पडलेले विमान खाऱ्या पाण्याने थोड्याच वर्षांत पोखरून निघते, कारण अ‍ॅल्युमिनियमला मीठ मानवत नाही. सरोवराचे पाणी गोडे आणि खोलवर तर बाराही महिने बर्फाच्या जवळपास थंड. शिवाय समुद्रात लाकूड पोखरणारा जो किडा असतो, त्याचाही येथे अभाव. त्यामुळे ही विमाने जणू थंड पेटाऱ्यात ठेवल्यासारखी राहिली. पुढे १९९० च्या सुमारास ती वर काढण्यास प्रारंभ झाला, तेव्हा पाहणारे थक्क झाले. अर्धशतक पाण्यात काढूनही रंग शाबूत, क्रमांक वाचता येण्याजोगे, आणि काहींच्या तर चाकांत हवा टिकून! आजवर सुमारे ४० विमाने वर आली आहेत. आपल्यापैकी कोणाची मुले-नातवंडे अमेरिकेत असतील आणि त्यांच्याकडे जाताना शिकागोच्या ओ’हेअर विमानतळावर उतरण्याचा योग आला, तर तेथे मांडून ठेवलेले ‘वाइल्डकॅट’ अवश्य पाहावे. ते याच सरोवरातून निघाले आहे.

या विमानांपैकी एकाची हकीगत सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. ‘डॉन्टलेस’ जातीचे, २१०६ क्रमांकाचे हे विमान जून १९४२ मधील मिडवेच्या प्रसिद्ध लढाईत लढले होते. त्या दिवशी अंगावर गोळ्यांची दोनशेहून अधिक छिद्रे घेऊन ते परतले. युद्धातून निवृत्त होऊन ते शिकवणीसाठी शिकागोस आले आणि जून १९४३ मध्ये मिशिगनमध्ये बुडाले. ज्या लढाईने पॅसिफिकमधील युद्धाचे पारडे फिरविले, तिचा हा साक्षीदार पन्नास वर्षे चिखलात पडून होता. १९९४ साली तो वर काढण्यात आला. पुढे तो फ्लॉरिडातील पेन्साकोला येथील नौदलाच्या वैमानिकी संग्रहालयात मांडण्यात आला आणि त्या गोळ्यांच्या खुणा त्यावर पाहावयास मिळाल्या. १९९४ हे साल आपण ध्यानात ठेवावे, अशी विनंती आहे.

आता दुसरा अंक, आणि त्यातील मुख्य पात्र म्हणजे जेमतेम नखाएवढे, फार तर अंगठ्याच्या पेराएवढे असे शिंपल्याचे जीव. काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्या परिसरातील नद्या हे यांचे मूळ वसतिस्थान. यांत दोन जाती प्रमुख आहेत. एकीच्या अंगावर झेब्र्यासारखे पट्टे असल्याने तिला झेब्रा शिंपला म्हणतात. दुसरी क्वागा. क्वागा हा दक्षिण आफ्रिकेतील झेब्र्याचा एक भाऊबंद. त्याच्या जातीचा शेवटचा प्राणी १८८३ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला आणि ती जात पृथ्वीवरून नाहीशी झाली. निर्वंश झालेल्या प्राण्याचे नाव अशा जीवाला मिळाले, की ज्याचा वंशविस्तार आज कोणास आवरेनासा झाला आहे. नामकरणातला हा विनोद नियतीनेच केला म्हणावयाचा.

हे जीव सात समुद्रांपलीकडे पोहोचले कसे? मालवाहू जहाज रिकामे असले की त्याचा तोल राखण्यासाठी तळटाक्यांत बंदरातले पाणी भरतात. इष्ट बंदरी माल चढविताना ते पाणी सोडून देतात. हेच ते बॅलास्टचे पाणी. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्सचा जलमार्ग खुला झाला आणि महासागरातील मोठी जहाजे थेट महासरोवरांत येऊ लागली. युरोपात भरलेले पाणी अमेरिकेत ओतले जाऊ लागले, आणि त्या पाण्याबरोबर डोळ्यांना न दिसणारी शिंपल्यांची पिल्लेही. १९८८ साली सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा शिंपला सापडला आणि पुढल्याच वर्षी ईरी सरोवरात क्वागा. कोणी मुद्दाम आणले नाही, कोणी कट केला नाही. टाकी भरली, टाकी रिकामी केली, एवढेच झाले. जगातील पुष्कळशी हानी अशीच, कोणाच्याही मनात नसताना होत असते.

एक मादी वर्षाकाठी दहा लक्षांपर्यंत अंडी घालते. पिल्ले काही आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग मिळेल त्या टणक वस्तूला चिवट धाग्यांनी चिकटून बसतात. खडक, नळ, नौकेचा तळ, किंवा विमानाचा पंख, त्यांना सर्व सारखेच. एकावर एक, त्यावर आणखी एक, असे थर चढतात. झेब्रा शिंपल्याला उथळ पाणी आणि टणक जागा लागते. क्वागाला मात्र मऊ चिखलही चालतो, आणि शेकडो फूट खोलीवरचे थंडगार पाणीही चालते. मिशिगन सरोवरात क्वागा प्रथम आढळला तो १९९७ साली. मघाशी ध्यानात ठेवावयास सांगितलेले साल आता आठवावे. मिडवेचा तो साक्षीदार वर आला त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी! पुढल्या दहा वर्षांत क्वागाने झेब्र्यालाही मागे सारले आणि सरोवराचा खोल तळ व्यापला. जो थंड पेटारा इतकी वर्षे सुरक्षित मानला, त्याच्या कुलुपाची किल्ली नेमकी या जीवाच्या हाती लागली.

परंतु न्याय करावयाचा तर दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. एकेक शिंपला दिवसाला सुमारे लिटरभर पाणी गाळतो आणि त्यातील सूक्ष्म वनस्पती खाऊन टाकतो. अब्जावधी शिंपले दिवसरात्र हेच करीत राहिल्याने सरोवरांचे पाणी आश्चर्यकारक नितळ झाले. २०१५ साली अमेरिकी तटरक्षक दलाचे एक हेलिकॉप्टर मिशिगनवरून गस्त घालीत असता, बुडालेल्या जुन्या जहाजांचे सांगाडे खाली स्पष्ट दिसले आणि त्यांची छायाचित्रे जगभर गेली. शोधकांना यात आनंदच वाटणार. पण हा नितळपणा निरोगी नव्हे. जे गाळले गेले ते माशांच्या पिल्लांचे आणि त्यांच्या भक्ष्याचे अन्न होते. व्हाइटफिशसारख्या माशांना त्याची झळ पोहोचली. शिवाय उजेड तळापर्यंत जाऊ लागल्याने शेवाळ माजले आणि किनारी कुजू लागले. घरातील सर्व धान्य संपल्यावर कोठीघर स्वच्छ दिसते, त्यातला हा प्रकार.

शोधकांचा आनंदही अर्धाच आहे. खोल तळाचा शोध डोळ्यांनी घेता येत नाही. तो सोनार नावाच्या यंत्राने घेतात. आपल्याकडे सोनाराने कान टोचले की दुखत नाही म्हणतात. हा सोनार मात्र स्वतःच कान देऊन ऐकतो. बोटीमागून ओढीत नेलेले हे यंत्र ध्वनिलहरी सोडते आणि तळावरून उलटलेल्या प्रतिध्वनीवरून चित्र काढते. विमानाची सरळ कडा, पंखाची रेषा, शेपटीची सावली चित्रात उमटली की जाणकार ओळखतात. पण त्याच पंखावर शिंपल्यांचा जाड थर चढला, की कडा बोथट होते, रेषा मोडते, आणि विमान व दगड यांत अंतर उरत नाही. लोखंड शोधणारे चुंबकीय यंत्र अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यापुढे लंगडे पडते, एंजिनासारखा पोलादी भाग असेल तेथेच ते बोलते. म्हणजे पाणी नितळ झाले, पण त्यातली वस्तू बुरख्यात गेली.

ओंटारिओ सरोवराचे उदाहरण घ्या. कॅनडाने १९५० च्या दशकात ‘अ‍ॅव्ह्रो अ‍ॅरो’ नावाचे अतिवेगवान लढाऊ विमान तयार केले. त्याच्या आकाराची परीक्षा घेण्यासाठी एक-अष्टमांश मापाच्या प्रतिकृती अग्निबाणावर बसवून १९५४ ते १९५७ या काळात सरोवरावर सोडल्या. त्या अर्थातच पाण्यात पडल्या. २० फेब्रुवारी १९५९ रोजी सरकारने ती संपूर्ण योजनाच रद्द केली, आणि तयार विमाने कापून मोडीत काढली. एकही पूर्ण विमान शिल्लक राहिले नाही. त्यामुळे तळाशी पडलेल्या प्रतिकृतींना एकाएकी मोल आले. २०१७ साली स्वयंचलित पाणबुडी-यंत्र लावून त्यांचा शोध सुरू झाला, आणि २०१८ मध्ये चाचणीसाठी सोडलेली एक प्रतिकृती वर काढण्यात आली. शिंपल्यांनी मढलेली! ज्या वस्तू राष्ट्राने स्वतःच्या हाताने मोडल्या, त्यांचा अवशेष शोधण्यासाठी साठ वर्षांनी शिंपले खरवडावे लागले.

याहून हृदयाला भिडणारी कथा ह्यूरन सरोवरातील आहे. त्या काळी अमेरिकेच्या सैन्यात काळ्या वर्णाच्या माणसाला विमान चालविता येणार नाही, असा समज रूढ होता. तो खोटा पाडणारे जे तरुण पुढे आले, ते टस्कीगी वैमानिक म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहेत. त्यांच्यापैकी फ्रँक मूडी हा एक तरुण अधिकारी ११ एप्रिल १९४४ रोजी गोळीबाराच्या सरावासाठी ‘पी-३९’ जातीचे विमान घेऊन निघाला आणि पोर्ट ह्यूरनजवळ सरोवरात कोसळून मरण पावला. बरोबर ७० वर्षांनी, एप्रिल २०१४ मध्ये, पाणबुड्यांना सुमारे ३० फूट पाण्यात त्याचे विमान सापडले. मिशिगन राज्याच्या पुरातत्त्वज्ञांनी त्याची बारकाईने पाहणी केली. या जातीच्या विमानाच्या काही बंदुकांच्या गोळ्या फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून नेमक्या वेळी सुटाव्या लागतात. ती वेळ साधणारी यंत्रणा बिघडली आणि विमानाच्या स्वतःच्याच गोळ्या पंख्याच्या पात्याला लागल्या, असे अवशेषांवरून दिसून आले. म्हणजे दोष वैमानिकाचा नव्हे, यंत्राचा होता. ज्यांच्या पात्रतेविषयीच शंका घेतली जात होती, अशांतील एकाच्या बाजूची ही साक्ष सत्तर वर्षे पाण्यात होती.

आणि त्या साक्षीवरही शिंपले चढलेच होते. शिंपल्यांचा थर केवळ झाकतो असे नाही. त्यांचे धागे रंगाला धरून बसतात आणि खरवडून काढताना पृष्ठभागही सोबत येतो. अक्षरे, क्रमांक, छिद्रांच्या कडा त्यात जातात. थराखाली जिवाणू वाढतात आणि लोखंड-पोलाद गंजण्यास मदत करतात. शिवाय थरावर थर चढून जो भार होतो, त्याने कमकुवत भाग मोडून पडतात. म्हणूनच मूडीच्या विमानाचे भाग टप्प्याटप्प्याने वर काढण्यात आले, आणि २०२३ साली एंजिन बाहेर आले. डेट्रॉइटमधील टस्कीगी वैमानिकांच्या संग्रहालयात ते जपण्याची योजना आहे. पोर्ट ह्यूरन येथे २०२१ साली या वैमानिकांचे स्मारकही उभारण्यात आले.

महासरोवरांपासून दूर, पश्चिमेकडील नेवाडा-अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात कोलोरॅडो नदीवरील हूवर धरणाचा मीड नावाचा जलाशय आहे. तेथे २१ जुलै १९४८ रोजी ‘बी-२९’ जातीचे एक प्रचंड विमान वातावरणाच्या संशोधनासाठी उडत असता, आरशासारख्या पाण्यावर उंचीचा अंदाज न आल्याने आपटून बुडाले. आतील पाचही जण बचावले. २००१ साली पाणबुड्यांनी ते शोधून काढले. जानेवारी २००७ मध्ये त्याच जलाशयात क्वागा आढळला. महासरोवरांत वापरलेल्या सहलीच्या नौका मोटारीमागे बांधून लोक देशभर नेतात, त्यांच्या तळाला चिकटून तो वाळवंट ओलांडून आला असावा, असे मानतात. उबदार पाण्यात त्याची पैदास आणखी वेगाने झाली, आणि साठ वर्षे पडून असलेले ते विमान थोड्याच वर्षांत शिंपल्यांनी वेढले गेले. तेव्हापासून प्रत्येक नौकेच्या मालकाला तेथे तीन गोष्टी बजावून सांगतात: नौका धुवा, पाणी काढून टाका, वाळवा. तीन साधी कामे, पण चुकली तर परिणाम शतकाचा.

मग करावे काय? येथे जाणकारांतही मतभेद आहेत, आणि ते प्रामाणिक आहेत. एक पक्ष म्हणतो, सर्व वर काढा. परंतु वर काढणे म्हणजे जपणे नव्हे. पाण्याबाहेर आलेल्या धातूवर वर्षानुवर्षे उपचार करावे लागतात, त्याला जागा लागते, पैसा लागतो. शिवाय २००४ च्या अमेरिकी कायद्याप्रमाणे बुडालेले लष्करी विमान सरकारच्या मालकीचेच राहते. कोणी यावे आणि उचलून न्यावे, असे चालत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, जेथे आहे तेथेच राहू द्या. ज्यात माणूस गेला ती समाधीच आहे. या भावनेचा आम्ही आदर करतो. १९७१ च्या डिसेंबरात आपल्या विशाखापट्टणच्या समुद्रात बुडालेल्या ‘गाझी’ पाणबुडीकडे, ती शत्रूची असूनही, आपण याच भावनेने पाहतो. पण शिंपल्याला समाधी आणि दगड यांतला फरक कळत नाही. तिसरा पक्ष म्हणतो, निदान आज जे आहे त्याची नोंद तरी करा: मापे घ्या, शेकडो छायाचित्रे जोडून संपूर्ण आकृती तयार करा. आमचे मत विचाराल, तर आधी नोंद, मग निवड, मग उचल, हा क्रम आम्हांस योग्य वाटतो. ज्याची नोंद झाली नाही ते गेल्याचेही कोणास कळत नाही.

आपण म्हणाल, हे सारे अमेरिकेचे झाले. येथे बसून आपणांस त्याचे काय? तर ऐका. झेब्रा आणि क्वागा ज्या कुळातले, त्याच कुळातला एक शिंपला आपल्या याच नगरीत, विशाखापट्टणच्या बंदरात, १९६७ साली आढळला. तो मूळचा अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरचा, कॅरिबियन समुद्राकडचा. पुढे मुंबईच्या गोदीतही तो दिसला आणि १९७५ च्या सुमारास तेथील शास्त्रज्ञांनी त्याविषयी लिहिले. कोकण-गोव्याकडे आपण आवडीने खातो त्या शिनाण्यांसारखा तो दिसतो, पण त्यांच्या कुळातला नव्हे आणि ताटातल्या उपयोगाचाही नव्हे. बंदरातील खांब, साखळ्या, जहाजांचे तळ यांवर तो दाट वस्ती करतो. म्हणजे अमेरिकेत सरोवरांचे दार ठोठावले जाण्यापूर्वी वीस वर्षे आपल्या दारी हे कुळ येऊन राहिले होते, आणि आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक आहे?

याच शिंपल्याची गोष्ट ऑस्ट्रेलियात मात्र निराळी झाली. १९९९ साली डार्विनच्या नौकातळांवर तो आढळताच तेथील शासनाने ते तळ बंद केले, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद सोडून त्याचा समूळ नाश केला, आणि तेथून बाहेर पडलेल्या नौकाही शोधून तपासल्या. वेळीच पाहिले म्हणून ते साधले. बॅलास्टच्या पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला, पण अमलात येण्यास ८ सप्टेंबर २०१७ उजाडला. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या आम्हांस या तेरा वर्षांचे नवल वाटत नाही. फाईल फिरते, शिंपला मात्र टिपणीची वाट पाहत नाही.

बंधुभगिनींनो, या सर्वांतून आमच्या मनावर एकच गोष्ट ठसली. पडून राहिलेले आणि जपलेले यांत फार मोठे अंतर आहे. मिशिगनच्या तळाशी विमाने पन्नास वर्षे चांगली राहिली, ती कोणी जपली म्हणून नव्हे, तर त्यांचा शत्रू तेथवर पोहोचला नव्हता म्हणून. आमच्या नोकरीत आम्ही एकाहून अधिक अभिलेखकक्ष पाहिले. कपाटाला कुलूप असे, चावी सुरक्षित असे, नोंदवहीत सर्व काही ‘सुस्थितीत’ असे. आणि कपाट उघडले की आत वाळवीने केलेला भुगा. कुलूप लावणे म्हणजे सांभाळणे, या समजुतीने जितके कागद नष्ट केले तितके आगीनेही केले नसतील.

आपल्या मंडळाला आज पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. स्थापनेच्या वेळचे इतिवृत्त, गणेशोत्सवातील नाटकांची छायाचित्रे, जुन्या स्मरणिका, येथे येऊन गेलेल्या पाहुण्यांचे अभिप्राय, हे सर्व कोठे तरी ‘आहे’ असे आपण मानतो. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या पेटीत. परप्रांतात राहून मराठीपण टिकविणाऱ्या माणसांची ती विमानेच आहेत. बदल्यांच्या नोकरीतली कुटुंबे येतात आणि जातात, आणि त्यांच्याबरोबर पेट्याही जातात. म्हणून मंडळास आमची एक साधी सूचना आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षात दोन-तीन तरुण सभासदांवर हे काम सोपवावे, घरोघर जाऊन जे जे आहे त्याची यादी करावी, छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि छायाचित्रांतील माणसांची नावे सांगू शकणारे ज्येष्ठ आपल्यात आहेत तोवर ती लिहून घ्यावीत. त्यांतील काय वर काढावयाचे आणि काय तसेच ठेवावयाचे, ते मग सावकाश ठरविता येईल.

 यादीच्या कामासाठी एक कोरी नोंदवही आम्ही बरोबर आणली आहे. ती चिटणीसांच्या स्वाधीन करून आपली रजा घेतो.